सिंधुदुर्ग पाहावयास जाताना

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात बिद्री हे गाव आहे. दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या पाण्यावर या भागातील उसाचे मळे पोसले जातात, आणि बिद्रीच्या साखर कारखान्याला नावही याच दोन नद्यांचे आहे. या नद्या सह्याद्रीत उगम पावतात. तेथून पश्चिमेचा अरबी समुद्र किती जवळ! पण त्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे वळतात, कृष्णेला मिळतात आणि शेकडो कोस चालून बंगालच्या उपसागरात जातात. बिद्रीच्या मुलांना समुद्र पाहावयाचा असेल, तर मात्र नदीमागे जाण्याचे कारण नाही. सह्याद्री ओलांडला की कोकण लागते; आणि कोकणात, मालवणच्या समोर, समुद्रात कुरटे नावाचे एक बेट आहे. त्या बेटावर सिंधुदुर्ग हा जलदुर्ग उभा आहे.

बिद्रीहून मुधाळ तिट्ट्याला आले की राधानगरीचा रस्ता लागतो. राधानगरीला छत्रपती शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधावयास घेतलेले धरण दिसते. पुढे दाजीपूरचे दाट अरण्य येते. हे गव्यांचे माहेरघर होय. मग फोंडा घाट उतरून कणकवली व कसाल या गावांवरून मालवण गाठावयाचे. हा सारा प्रवास साधारण चार तासांचा आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांमुळे आरंभीचा रस्ता थोडा रेंगाळतो, एवढेच.

येथपर्यंतचा बेत माणसाच्या हातचा आहे. पन्हाळ्याला जावयाचे असेल, तर शिदोरी बांधून हव्या त्या दिवशी निघता येते. बेटाचे तसे नाही. तेथे केव्हा जावे हे समुद्र ठरवतो. म्हणून बेटाच्या सहलीचा बेत घरापासून बेटाकडे आखावयाचा नसतो. तो बेटापासून घराकडे, म्हणजे उलट्या क्रमाने आखावयाचा असतो.

पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारे वारे समुद्र खवळून सोडतात. त्या महिन्यांत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. कार्तिकापासून माघापर्यंत हवा कोरडी व समुद्र बराच शांत असतो. तेव्हा सहलीला हाच काळ उत्तम.

दुसरा प्रश्न तिथीचा. सहलीला तिथी कशाला, असे कोणी म्हणेल. पण समुद्राचे घड्याळ चंद्रावर चालते. चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते व उतरते. चढते तेव्हा भरती, उतरते तेव्हा ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर एका भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि पुन्हा तितक्याच वेळाने दुसरी भरती येते. चंद्र रोज जवळजवळ 50 मिनिटे उशिरा उगवतो; भरतीही तेवढीच रोज मागे सरते. आज सकाळी आठ वाजता ओहोटी असली, तर उद्याही आठलाच असेल असे समजून निघणारा मनुष्य फसतो.

कोकणातील मच्छीमारांनी यासाठी एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, सुमारे तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकापासून मोजावयाचे. हा हिशेब ढोबळ आहे. ठिकाणाप्रमाणे त्यात तासाभराचा फरक पडतो, आणि अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते असतात. तरी घड्याळ व तक्ता जवळ नसताना केवळ पंचांगावरून समुद्राची वेळ सांगणाऱ्या त्या माणसांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात. तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटीही फार खाली जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा चढउतार बेताचा असतो. त्याला भांग म्हणतात.

बिद्रीच्या मुलांना याचा काय उपयोग? सिंधुदुर्गाच्या जवळ पद्मगड नावाचा एक लहान किल्ला आहे. मोठ्या ओहोटीच्या वेळी त्याच्याकडे किनाऱ्यावरून वाळूतून चालत जाता येते. भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते. वेळ सोयीची खरी, पण त्या दिवशी भांग असल्यामुळे पाणी पुरेसे उतरत नाही. पौर्णिमेला पाणी चांगले उतरते, पण ओहोटी पडते पहाटे आणि सायंकाळी पाचनंतर. सायंकाळच्या ओहोटीला गेले, तर परतीच्या वेळी अंधार आणि चढते पाणी एकदम गाठतात. मग करावे काय? वद्य द्वितीया धरावी. उधाण अजून ओसरलेले नसते आणि ओहोटी सकाळी सात-साडेसातच्या आसपास येते. आदल्या दिवशी मालवणास मुक्काम करावा आणि पाणी पुरते उतरण्यापूर्वीच किनाऱ्यावर हजर राहावे. मात्र स्थानिक माहीतगार बरोबर असल्यावाचून त्या वाळूत पाऊल टाकू नये.

असाच प्रकार दूर स्कॉटलंडच्या पश्चिमेलाही आहे. तेथे कॉलन्से व ओरन्से ही दोन बेटे शेजारी शेजारी आहेत. ओहोटीच्या वेळी एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येते. तेथील प्रवासीही प्रथम भरतीचा तक्ता पाहतो, मग बूट चढवतो.

पद्मगड पाहून झाला की लगेच होडीने सिंधुदुर्गाकडे निघावे. घाई अशासाठी की दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा जमिनीकडे धावू लागतो. त्याने लाटा वाढतात. सकाळचे पाणी त्या मानाने स्थिर असते. किल्ल्याभोवती पाण्यात लपलेले खडक पुष्कळ आहेत. माहीतगार नावाडी त्यांच्यामधून होडी नेमकी काढतो. होडीत जीवरक्षक जाकीट घालावे आणि उभे राहू नये.

हे खडक किल्ल्याच्या पथ्यावर पडले. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज व डच यांना समुद्रावर तोंड देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांना बळकट ठाणे हवे होते. शत्रूच्या मोठ्या जहाजांना जवळ येणे अवघड, आणि वाट ठाऊक असलेल्या आपल्या लहान गलबतांना सोपे, असे हे बेट होते. 1664 साली येथे बांधकाम सुरू झाले. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे 3 वर्षांत किल्ला उभा राहिला. त्याचा नागमोडी तट जवळजवळ 3 किलोमीटर लांब आहे. महाद्वार बुरुजांच्या वळणात असे दडवले आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दिसत नाही. पाहुण्या मुलांना ते शोधण्याची पैजच लावावी! आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांच्या काळात बांधले गेले. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत पन्हाळ्याबरोबर सिंधुदुर्गही आहे.

चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत मात्र दूध विहीर, दही विहीर व साखर विहीर या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! पावसाचे पाणी बेटाच्या पोटात मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून लहान बेटांवर ते खाऱ्या पाण्याच्या वर राहू शकते. हे पाणी नसते, तर एवढा तट बांधूनही वेढ्यात टिकाव लागला नसता. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कुटुंबे आहेत. पाहुण्यांनी पाणी बरोबर न्यावे व कचरा परत आणावा. या समुद्रात प्रवाळ आहेत आणि 1987 पासून तो संरक्षित आहे. खडकावरचे काहीही तोडून खिशात घालावयाचे नाही.

किल्ला दोन-तीन तासांत पाहून होतो. पण होडी ठरलेल्या वेळी परत निघते, म्हणून नावाड्याने सांगितलेली वेळ प्रत्येकाने लक्षात ठेवावी. दुपारच्या आत मालवणच्या धक्क्यावर उतरले, तर दिवसाउजेडी फोंडा घाट चढता येतो. धक्क्यावरून निघताना पद्मगडाकडे एकवार पाहावे. सकाळी जेथे आपली पावले उमटली होती, तेथे आता लाटा असतात.