लाल पानांचं झाड, पंचेचाळीस अंशांत

जपानी मेपल संग्रामपुरात जगणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याचं बी आता ऑनलाइन पाकिटांतून मिळतं, पाकिटावरची पानं लालभडक असतात आणि किंमत एवढी कमी की कुणालाही मोह व्हावा. काही पाकिटांवर तर निळ्या पानांचा मेपल छापलेला असतो. तसा मेपल जगात कुठेच नाही. खरं बी हाती आलं तरी पेरण्याआधी ते ओलसर ठेवून तीन-चार महिने फ्रिजच्या थंडीत सांभाळावं लागतं. एवढं करून रोप उगवलंच, तर त्याची गाठ आपल्या मे महिन्याशी असते.

मूळचं हे जपान-कोरियाच्या डोंगरांतलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं लहान झाड. पानं पातळ, बोटांसारखी चिरलेली. कोरडा गरम वारा लागला की कडा करपतात. हिवाळ्यात पानं गाळून ते काही महिने झोपतं आणि ती थंड झोप मिळाली नाही तर पुढची फूट धड येत नाही. त्याला आम्लाकडे झुकणारी, निचऱ्याची माती हवी. इकडे सपाटीवर पारा ४५ अंशांपर्यंत जातो, जमीन काळी, चुनखडीची, आणि पूर्णेकडे गेलं की खारपाण पट्टा.

ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, त्यांनी मात्र पुढची माहिती तिकडे जरूर कळवावी. तिथे मेपल महाग पडतो तो कलमामुळे. ‘ब्लडगुड’सारखी नावाजलेली जात बियांपासून हुबेहूब येत नाही, म्हणून साध्या मेपलच्या रोपावर तिचं कलम करतात. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणाऱ्या आपल्या बागाइतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. कलमाला हात लागतात, वर्षं लागतात, त्याचे पैसे पडतात. बियांपासून वाढवलेलं बिननावाचं रोप पुष्कळ स्वस्त असतं आणि त्यातही सुंदर लाल पानांची रोपं निघतात. ती पानं आलेली असताना, डोळ्यांनी पाहून निवडावीत. हिवाळ्याच्या तोंडावर तिथल्या नर्सऱ्या उरलेला माल उतरत्या भावात काढतात, पण फार थंड गावात तेव्हा घेतलेल्या रोपाला मुळं धरायला वेळ कमी मिळतो, म्हणून बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. जपानी मेपल साधारण उणे २५ अंशांपर्यंत तग धरतो. मिनेसोटासारख्या ठिकाणी त्याचा अधिक काटक भाऊबंद, कोरियन मेपल, बरा.

आता आपल्याकडचं. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला लाल पानांसाठी जपानपर्यंत जायची गरज नाही, कारण मेपलचा नातलग मध्य भारताच्या जंगलात उभा आहे. त्याचं नाव कुसुम, कोकणात कोशिंब. (करडईलाही काही ठिकाणी कुसुम म्हणतात, ते वेगळं.) मेपलचं कुळ पूर्वी स्वतंत्र धरलं जाई. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला रिठ्याच्या कुळात घालतात. कुसुम त्याच कुळातला, लिचीसुद्धा. फाल्गुन-चैत्रात, बाकीचं रान वाळून करडं पडलेलं असताना, कुसुमाला नवी पालवी फुटते आणि अख्खं झाड लाल होतं. काही दिवस हा रंग टिकतो, मग तांबूस होत होत हिरवा.

दोन्ही झाडांत रंग देणारं द्रव्य एकाच जातीचं, अँथोसायनिन. फरक वेळेचा. मेपलमध्ये पान म्हातारं होताना हिरवं द्रव्य मोडतं आणि लाल तयार होतं. कुसुमात पान जन्मतानाच लाल असतं. कोवळ्या पानाची अन्न बनवण्याची यंत्रणा अजून पुरी तयार नसते, तेव्हा हा रंग कडक उन्हाला गाळणीसारखा आडवा येतो, असं मानलं जातं. मेपलला जे ऊन मारतं, त्याच उन्हात कुसुमाची पालवी खुलते. मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय या झाडावर उत्तम प्रतीची कुसुमी लाख होते, बियांचं तेल निघतं आणि आंबट फळं पोरं खातात.

पण कुसुम कुठेही लावू नये. सोनाळा-टुनकीकडे सातपुड्याच्या उताराची हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन त्याला मानवते. झाड मोठं होतं, वाढ सावकाश असते. त्याला शेताचा धुरा किंवा शाळेचं मैदान द्यावं, घराचा वट्टा नव्हे. पातुर्ड्याकडच्या चिकण खारट जमिनीत त्याच्यावर पैसे घालू नका. तिथे जंगली बदाम लावावा. तो मुळात समुद्रकाठचा, थोडा खारेपणा सोसतो, आणि पानं गळण्याआधी त्याची मोठाली पानं खरोखर मेपलसारखी लाल होतात. रोपाला पहिली दोन-तीन वर्षं बोअरचं खारं पाणी न देता नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं द्यावं. लहान अंगण आणि गोड पाणी असेल तर ताम्हण: हिवाळ्यात पानं तांबूस आणि उन्हाळ्यात जांभळा फुलोरा. पिंपळाची तांबूस पालवीही देखणी, पण भिंतीजवळ तो नको.

स्वस्त रोप म्हणजे लहान रोप. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी झाडांची रोपं खासगी नर्सरीपेक्षा पुष्कळ कमी दरात मिळतात, आणि १९५० पासून दर जुलैच्या पहिल्या आठवड्यात होणाऱ्या वनमहोत्सवाच्या दिवसांत अनेकदा सवलतही असते. पुरुषभर उंचीचं रोप पाहून भुलू नये. जुन्या पिशवीत मुळं गोल फिरून गुंडाळलेली असतात, आणि असं झाड नंतर वाऱ्यात कलतं. पिशवीच्या तळाशी बाहेर आलेलं जाड मूळ दिसलं तर ते रोप बाजूला ठेवावं. हातभर उंची, बुंध्याशी जाडी आणि टवटवीत शेंडा असलेलं रोप काही वर्षांत त्या उंच रोपाला गाठतं.

कुसुमाची अडचण एकच. त्याचं बी पावसाळ्याच्या तोंडावर पिकतं आणि फार दिवस उगवणक्षम राहत नाही, त्यामुळे रोपवाटिकेत ते कायम असेलच असं नाही. आज विचारून ठेवलं तर पुढच्या हंगामासाठी रोपं तयार होऊ शकतात. अंबाबरवा अभयारण्यातून बी किंवा रोपटी परस्पर उचलणं हा गुन्हा आहे, तेव्हा तो रस्ता धरू नये. गावच्या धुऱ्यावर एखादा कुसुम असेल तर मालकाला विचारून त्याखालचं ताजं बी गोळा करावं, गर धुऊन लगेच पिशव्यांत पेरावं, आणि रोप जमिनीत गेल्यावर शेळ्यांपासून वाचवायला पहिली काही वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण ठेवावं.