गाडी दारातली – भाग १४ : बोल्ट अडकलाय, पण कुठे?

लोअर आर्मचा बुश गेलाय हे कसं ओळखायचं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. खड्ड्यातून जाताना खालून येणारं ‘टक्‌’, ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक एका बाजूला वळणं, वगैरे. नवा बुश आणला, रविवार मोकळा ठेवला, गाडी स्टँडवर चढवली, पुढचं चाक काढून बाजूला ठेवलं. आडव्या बोल्टला सतराची गोटी लावली आणि जोर दिला.

पाना फिरला. चांगला आठवा भाग फिरला. मी खूश. मग हात सैल सोडला, तर पाना आपणहून मागे येऊन होता तिथे उभा राहिला. पुन्हा जोर, पुन्हा तेच. जणू पलीकडून कुणीतरी रबर ताणून धरलं होतं.

धरलंच होतं. पण हे मला कळलं दोन तासांनी, शीळफाट्यावरच्या एका जुन्या गॅरेजात. मधल्या दोन तासांत मी जे केलं ते वाचकांनी करू नये, म्हणूनच हा भाग.

आधी बुश म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मध्ये दोघांना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट त्या आतल्या नळीतून जातो आणि चेसिसच्या दोन कानांमध्ये नळीला आवळून धरतो. नळी फिरत नाही. चाक वरखाली होतं तेव्हा रबर पिळतं आणि सुटतं, एवढीच त्या सांध्याची हालचाल. बोल्ट आणि नळी यांच्यात जेमतेम केसाएवढी फट असते. पावसाचं पाणी त्या फटीत शिरतं, आणि तिथून बाहेर यायची त्याला काही घाई नसते.

गंजाचं आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दुपटीहून जास्त असतं. मोकळ्या पत्र्यावर तो फुगून पापुद्रे सुटतात, आपण खरवडून टाकतो. पण फटीत त्याला फुगायला जागाच नसते. मग तो आवळत जातो. बोल्ट आणि नळी एकजीव होतात, आणि पाना फिरवला की बोल्टबरोबर नळी फिरते, नळीबरोबर रबर पिळतं, हात सोडला की रबर सगळं पूर्ववत करतं. माझा बोल्ट आट्यांत अडकलेलाच नव्हता. मी मात्र तासभर आट्यांवर तेल मारत बसलो होतो.

इंटरनेटवर गंजलेल्या बोल्टचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिका-कॅनडातले. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे ते काम कुणी करत नाही, पण आपल्या भागाला त्याची गरजही नाही. मुंब्र्याकडून, कल्याणकडून आणि महापे-पनवेलकडून येणारे रस्ते शीळफाट्यावर मिळतात. एका अंगाला ठाण्याची खाडी, मध्ये देसाई खाडीचा चिखल. खारी हवा लोखंडावर मिठाचा पातळ थर ठेवते, मीठ हवेतला दमटपणा ओढून धरतं, म्हणजे पाऊस नसतानाही बोल्ट ओलाच. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात मेट्रोच्या कामाची माती, जेएनपीटीकडे जाणाऱ्या कंटेनरांनी उडवलेला राडा. तो लोअर आर्मच्या खोबणीत जाऊन बसतो आणि दसऱ्यापर्यंत वाळत नाही. शिवाय डोंबिवलीची हवा. २०१४ च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडला होता, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. रंग सोडा; कारखान्यांच्या धुरातले गंधकाचे वायू दवात विरघळले की आम्ल होतं, आणि आम्लाला लोखंड आवडतं. थोडक्यात, इथली बारा वर्षांची गाडी खालून अठराची दिसते.

तर गॅरेज. तिथले वयस्कर मेकॅनिक, ज्यांना गॅरेजांची आख्खी रांग ‘उस्ताद’ म्हणते, त्यांनी माझी हकीकत ऐकली. हातातला चहा संपवला. मग एकच प्रश्न विचारला : “साहेब, पाना परत येतो का?”

येतो म्हटलं.

“मग आटे सोडा. नळी पकडलीय.”

निदान एवढंच. मी त्यावरून पुढे माझ्यासाठी एक हिशेब मांडला, तो इथे देतो, कारण माझ्या मते या कामातलं ऐंशी टक्के शहाणपण हाताला काय जाणवतं यातच आहे. पाना दगडासारखा उभा राहिला, तर आटे किंवा नटाची बैठक धरली आहे. फिरून स्प्रिंगसारखा परत आला, तर बुशची नळी. नुसताच गरागरा फिरतोय पण बोल्ट बाहेर येत नाही, तर आटे गेले, किंवा चेसिसच्या आत वेल्ड केलेला नट सुटला. हा सगळ्यात वाईट प्रकार, इथे हात थांबवून वेल्डरकडे जावं. आणि चौथा : पाना जड होता होता अचानक मऊ लागतो, चिक्की समजून चावावं आणि चिकाचा हलवा निघावा तसा. बोल्ट सैल झाला असं वाटतं. झालेला नसतो. तो ताणला जातोय, अजून अर्धा फेरा आणि मुंडी हातात.

आट्यांनी धरलं असेल तर क्रम असा. बाहेर दिसणारे आटे आधी वायर ब्रशने चकचकीत करा. गंजाच्या चुऱ्यासकट नट मागे घेतला की तो चुराच पाचरीसारखा अडकतो. मग झिरपणारं तेल, आणि रात्रभर थांबा. जमलं तर शुक्रवारी रात्री एकदा, शनिवारी एकदा. आपल्याकडे कुठल्याही फवाऱ्याला डब्ल्यूडी-४० म्हणतात, पण ते १९५३ साली सॅन डिएगोत पाणी हटवण्यासाठी बनलं, चाळिसाव्या प्रयत्नात. नावातला आकडा तोच. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. गंज लागू न देणं आणि लागलेल्या गंजात शिरणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्याच दुकानात खास जाम बोल्टसाठीचं तेल मागा, मिळतं.

मग बोल्टच्या मुंडीवर हातोडीचे सरळ, नेमके चार-पाच ठोके. गंज ठिसूळ असतो, धक्क्याने त्याला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. त्यानंतर उस्तादांनी सांगितलेली गोष्ट, जी ऐकून मी थबकलो : “आधी जरा आवळा.” खोलायचाय आणि आवळा? पण खरं आहे. सुतभर पुढे सरकला तरी गंजाचा थर तुटतो, आणि मग तो मागे यायला लागतो. आला की ओढत सुटू नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे.

गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी नटाच्या फक्त कोपऱ्यांना धरते आणि गंजलेले कोपरे सोलून काढते. लांब पाइप घालण्याबद्दल माझं मत वाईट आहे. १२ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण ८०-९० न्यूटन-मीटरला आवळतात. सत्तर किलोच्या माणसाने मीटरभर पाइपवर अंग टाकलं तर सातशे होतात. बोल्टने काय करावं? आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना असा हिसका मुळीच देऊ नका. चेसिसखाली स्टँड, काढलेलं चाक उंबऱ्याखाली आडवं, आणि पाना नेहमी स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. सुटला तर बोटांची सालं फेंडरवर राहतात. माझी राहिलीत.

गरम करण्याचा उपाय गॅरेजवाल्यांचा लाडका. त्यात तथ्य आहे : नट तीनशे अंशांनी तापवला तर १२ मिलिमीटरचं भोक मिलिमीटरच्या चार शतांशांनी मोठं होतं, आणि गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. पण शेजारी ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसची वायर, बुशचं रबर आणि वायू भरलेला शॉकॲब्सॉर्बर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तेल मारलेल्या बोल्टवर, ज्योत? हे काम त्यांच्याकडेच राहू द्या.

आता नळीने धरलेला बोल्ट. यावर तेल फारसं चालत नाही, फट लांब आणि दोन्ही टोकांना जवळपास बंद. नट काढून, टोकाशी सपाट येईल इतकाच परत चढवून, त्यावर ठोकून पाहावं. नट आट्यांचं रक्षण करतो. दहा मिनिटांत हलला नाही तर भावनेच्या आहारी जाऊ नका. बुश बदलायचाच आहे ना? मग बुश आणि कान यांच्यामधल्या चिरेत हॅक्सॉचं पातं घाला आणि बोल्ट दोन्हीकडून कापून काढा. पलीकडचा नट वेल्ड केलेला असेल तर आट्यांचा उरलेला तुकडा आधी तेलावर ठेवा; त्याच्यावर आता आवळणीचा ताण नसतो, म्हणून तो बहुधा पक्कडीने फिरतो. मला प्रत्येक बाजूला पाऊण तास लागला, तीन पाती गेली. ग्राइंडर लवकर उरकतो, पण ठिणग्या पेट्रोलच्या पाइपकडे जाणार नाहीत याची खात्री असली तरच, आणि चष्मा घालून.

कापलेला तुकडा हातात घेतला तेव्हा नळी आणि बोल्ट यांच्यातली सीमारेषा शोधावी लागली. मध्ये चॉकलेटी रंगाचं एक कडं, बाकी दोन्ही एकच धातू वाटावा.

नवा बोल्ट जुन्याच ग्रेडचा घ्या. मुंडीवर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं : पहिला आकडा ताकदीचा, दुसरा त्या ताकदीच्या किती हिश्शाला बोल्ट कायमचा ताणला जातो त्याचा. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला विनाआकड्याचा बोल्ट तिथे चालत नाही. नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागावर ग्रीसचा पातळ हात द्या, पण आट्यांवर नको : आवळण्याचे छापील आकडे बहुधा कोरड्या आट्यांचे असतात, ग्रीस लागलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

आणि शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून. गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबत असतो. तेव्हाच नळी आवळली तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी रबर पिळलेलं राहतं, कायमचं. नवा बुश मग वर्षभरात फाटतो आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. चाक लावा, गाडी उतरवा, पुढचं टोक दोन-तीनदा दाबून सोडा, आणि मग खाली झोपून टॉर्क पान्याचा ‘कट्‌’ ऐका. कमी उंचीच्या गाडीत अवघड जातं. मी दोन्ही पुढच्या चाकांखाली जाड फळ्या दिल्या आणि मागच्या चाकांना ओट लावली.

टक्‌ बंद झालं. पण काटई नाक्यापर्यंत फेरी मारून आलो, तर स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी हलकेच डावीकडे जातेय. त्याचं कारण पुढच्या आठवड्यात.