धम्म रोजच्या जगण्यात : वर्षावासातलं वाचन

मागच्या भागात आपण पंचशील पाहिलं. आज वर्षावास.

आषाढ पौर्णिमा झाली की महाराष्ट्रातल्या अनेक बुद्धविहारांत संध्याकाळी त्रिसरण-पंचशील होतं आणि बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचायला घेतात. आश्विन पौर्णिमेपर्यंत हे चालतं. समारोपाला खीर असते.

वर्षावास मुळात भिक्खूंचा. पावसाळ्यातही भिक्खू हिंडतात, कोवळं गवत आणि बारीकसारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती, असं विनयपिटक सांगतं. ती ऐकून बुद्धांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली, तेव्हा वस्तीवस्तीत धम्म सांगायला भिक्खू कुठून आणणार? ग्रंथ आला तोही १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात. वस्त्यांनी मग वाचनालाच वर्षावास केलं, आणि कित्येक विहारांत ते बायांनी टिकवून धरलं. माझ्या मते नवदीक्षितांनी धम्माला दिलेली ही फार मोठी देणगी आहे.

वाचताना रोहिणी नदीचं प्रकरण आलं की घाई करू नये. सिद्धार्थानं घर का सोडलं? म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून, हे उत्तर बाबासाहेबांना पटत नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला हे दिसलंच नव्हतं का, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय रोहिणीच्या पाण्यावरून भांडतात. सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ म्हणतो, दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदानात तो हरतो. सैन्यात जायला नकार देतो, तेव्हा त्याच्या घरच्यांवर बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी मिळते. घरच्यांना झळ लागू नये म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. पाणी आणि बहिष्कार हे दोन शब्द ज्या वस्तीनं भोगले आहेत, तिथं हे पान नुसतं ऐकून उठणं शक्य नाही. पाण्याच्या पाळीवरून आजही गावं भांडतात. त्या पाच जणांच्या तोडग्यावर विहारातच चर्चा व्हावी.

नेमकी हीच चर्चा अनेक ठिकाणी राहून जाते. अध्याय संपला, साधुकार झाला, मंडळी घरी. बाबासाहेबांनी प्रस्तावनेत चार प्रश्न मांडले आहेत आणि ते सोडवायला वाचकांनी हातभार लावावा, अशी आशा व्यक्त केली आहे. या ग्रंथाचं पारायण करणं त्यांच्या इच्छेविरुद्ध आहे, असं मी स्पष्टच म्हणेन. रोज एकच प्रकरण वाचा, पण नंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा आणि पहिला प्रश्न शाळकरी मुलांना विचारू द्या.

भिक्खूंच्या वर्षावासाची सांगता पवारणेनं होते. माझ्या वागण्यात काही चुकीचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो; वयानं आणि मानानं मोठा असलेलाही. खीर वाटण्याआधी विहार समितीनं वस्तीला अशीच विनंती करून पाहावी. हिशेबाबद्दल, वागण्याबद्दल, कुणाला बोलावलं नाही त्याबद्दल लोक बोलतील.

पुढच्या आठवड्यात कठीण चीवरदान.