विश्लेषण : तगरीवरच्या हिरव्या अळीला निळे ‘डोळे’ कशासाठी? ती विषारी असते का?

कुंडीतल्या तगरीची पाने एक-दोन दिवसांत फस्त होतात. शोधल्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. मागे शिंग, पुढे दोन निळे डोळे! फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि ‘विषारी आहे, मारून टाका’ असा सल्ला येतो. प्रत्यक्षात ही बहुधा ‘ऑलिअँडर हॉकमॉथ’ या देखण्या पतंगाची अळी असते.

अळी कशी ओळखाल?

सर्वांत सोपी खूण म्हणजे झाड. ही अळी प्रामुख्याने कण्हेर, तगर आणि सदाफुलीवर आढळते. अंड्यातून निघते तेव्हा ती पिवळी असते, शिंग लांब आणि काळे. वाढल्यावर ती हिरवी होते, लांबी ७-८ सेंमी भरते, अंगावर पांढरे ठिपके दिसतात. निळे ‘डोळे’ खरे नसतात. धोका जाणवला की अळी डोके आत ओढते, ठिपके फुगून मोठे दिसतात आणि पक्षी बिचकतो.

पतंग कसा असतो?

पंखांचा विस्तार सुमारे १० सेंमी. हिरव्या रंगावर पांढरट-गुलाबी नक्षी असल्याने तो पानांत सहज लपतो. संध्याकाळनंतर फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पितो.

तो कुठे राहतो?

महाराष्ट्रासह भारतात, दक्षिण आशियात आणि आफ्रिकेत. उन्हाळ्यात काही पतंग उडत युरोपपर्यंत पोहोचतात. लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आज ते ‘डॅफ्निस नेरी’ असे आहे.

धोका आहे का?

अळी चावत नाही, शिंग मऊ असते, टोचत नाही. मात्र कण्हेर स्वतः विषारी आहे. तिचे विष ही अळी पचवते, आपण नाही. म्हणून झाड किंवा अळी हाताळल्यास हात धुवा.

मग करायचे काय?

फवारणीची गरज नाही. झाड मोठे असेल तर पुन्हा पालवी फुटते. रोप लहान असेल तर अळी फांदीसकट उचलून मोठ्या कण्हेरीवर किंवा तगरीवर सोडा. हिरवी अळी तपकिरी पडून खाली उतरली तर ती आजारी नाही, कोषासाठी जागा शोधत आहे. ती जमिनीवरच्या पाचोळ्यात कोष करते. त्यामुळे कुंडीतली वाळकी पाने दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या. एखाद्या संध्याकाळी हिरवा पतंग त्यातूनच बाहेर येईल.