फोनची बॅटरी घरी बदलताना
मागचं झाकण आपोआप उचललं गेलंय? बॅटरी फुगलीय, ती घरी काढायच्या भानगडीत पडू नका. बाकी वेळी चार्ज २५ टक्क्यांखाली आणा, कारण भरलेली लिथियम-आयन बॅटरी जास्त जोरात भडकते. फोन बंद करून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. खरा वैताग गोंदाचा. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मग प्लॅस्टिकचं कार्ड आडवं सरकवा. घाई करून स्क्रूड्रायव्हर घातलात, आतला पातळ पडदा फाटला, की शॉर्टसर्किट ठरलेलं. गोडसर वास आला तर लगेच हात काढा. शेजारी कोरड्या वाळूची बादली हवीच. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२च्या नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे.