तारीख पुढे गेली म्हणजे गेम बुडाला?

'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हणजेच 'जीटीए'चा सहावा भाग कधी येणार, या प्रश्नाची रॉकस्टार गेम्सने एकामागोमाग तीन उत्तरं दिली. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा त्यात नुसतं २०२५ हे साल होतं. मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ ही तारीख ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही बदलून १९ नोव्हेंबर २०२६ करण्यात आली. दर बदलानंतर चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका तटाला खात्री, की आत काहीतरी मोठं बिघडलंय. दुसऱ्याला वाटतं, जितका उशीर तितका गेम भारी.

दोन्ही समजुती कच्च्या आहेत. रॉकस्टारचाच इतिहास पाहा. चौथा भाग ऑक्टोबर २००७ मध्ये यायचा होता, आला २९ एप्रिल २००८ ला. पाचवा भागही ठरलेल्या वेळेपेक्षा काही महिने उशिरा, १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. 'रेड डेड रिडेम्प्शन २'ची तारीख दोनदा हलली आणि तो २६ ऑक्टोबर २०१८ ला आला. आज तो सर्वोत्तम गेममध्ये गणला जातो. म्हणजे तारीख हलणं हा या स्टुडिओचा नेहमीचाच रिवाज आहे, त्यावरून गेम बुडाला असं म्हणता येत नाही. उलट बाजूला 'ड्यूक न्यूकम फॉरेव्हर' आहे. १९९७ मध्ये जाहीर झालेला हा गेम जून २०११ मध्ये दुकानात पोचला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. चौदा वर्षांच्या प्रतीक्षेने त्याचं काहीच भलं केलं नाही.

मग शेवटच्या काही महिन्यांत नेमकं होतं काय? मोठ्या गेमचे बहुतेक भाग तोवर तयार झालेले असतात, पण ते एकत्र आले की खरी कसोटी लागते. समजा, एका मोहिमेत खेळाडूने एका माणसाला जाऊन भेटायचं आहे. वाटेत खेळाडूने त्याच माणसाला गाडीखाली घेतलं तर? फोनवर संभाषण चालू असताना गाडी समुद्रात घातली तर? पोलिस मागे लागलेले असताना मोहीम सुरू केली तर? अशा हजारो शक्यता तपासणारी माणसं रोज बसून तपासतात. एक चूक दुरुस्त केली की दुसरीकडे दोन नव्या निघतात. हे काम किती दिवसांत संपेल, याचा पक्का हिशेब अनुभवी माणसालाही मांडता येत नाही. त्यात प्रकाशकाची गणितं वेगळी असतात: नाताळच्या खरेदीआधी गेम बाजारात हवा, आर्थिक वर्षाच्या ताळेबंदात विक्री दिसायला हवी. तारीख ठरवताना हे सगळं एकमेकांशी झगडत असतं.

'उशिरा आलेला गेम शेवटी चांगला होतो, वाईट गेम मात्र कायमचा वाईट राहतो' हे वाक्य अशा वेळी हमखास पुढे येतं आणि ते 'मारिओ'चे जनक शिगेरू मियामोटो यांच्या नावावर खपवलं जातं. ते असं म्हणाल्याचा मूळ पुरावा कुणालाही सापडलेला नाही. शिवाय हे विधान आता खरंही उरलेलं नाही. कार्ट्रिजच्या काळात ते खरं होतं, कारण एकदा कारखान्यातून बाहेर पडलेली चूक परत काढता येत नसे. आता ती अपडेटने काढता येते. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'वर खेळाडू तुटून पडले होते, कारण सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. हेलो गेम्स या छोट्या ब्रिटिश स्टुडिओने त्यानंतर वर्षानुवर्षं मोफत अपडेट दिले. स्टीम या ऑनलाइन दुकानातली त्याची एकूण श्रेणी २०२४ मध्ये 'अतिशय सकारात्मक'पर्यंत चढली. हे कौतुकास्पद आहेच, पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याला अर्धाच गेम मिळाला होता, हेही विसरून चालणार नाही. नंतर दुरुस्त करता येतं म्हणून आधी अर्धवट विकावं, ही सवय उद्योगाला लागली आहे आणि ती वाईट आहे.

'सगळं शांत आहे, म्हणजे गेम बंद पडला' हा आणखी एक लाडका समज. त्याला सर्वांत सुंदर उत्तर दिलं 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ने. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडिलेडचा टीम चेरी हा स्टुडिओ म्हणजे मूठभर माणसं. त्यांचा पहिला गेम 'हॉलो नाइट' लोकवर्गणीतून उभा राहिला आणि २०१७ मध्ये आला. त्यातल्या हॉर्नेट या पात्रासाठी एक जोडभाग करायचा होता. तो वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. मग वर्षं जात राहिली. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात तो बारा महिन्यांत येणाऱ्या गेमबरोबर दाखवला गेला, पण ती मुदतही टळली. अफवांना ऊत आला: स्टुडिओ फुटला, पैसे संपले, गेम फसला.

यातलं काहीच घडलं नव्हतं. टीम चेरीच्या एरी गिब्सन आणि विल्यम पेलन या दोघांनी पुढे मुलाखतीत सांगितलं, की काम कधीच अडलं नव्हतं. नव्या जागा आणि नवी पात्रं रचण्यात त्यांना मजा येत होती आणि पहिल्या गेमच्या कमाईमुळे घाई करण्याची गरज नव्हती. २१ ऑगस्ट २०२५ ला तारीख जाहीर झाली आणि पुढच्या दोनच आठवड्यांत, ४ सप्टेंबरला, गेम आला. किंमत फक्त २० डॉलर. त्या दिवशी स्टीमसकट अनेक ऑनलाइन दुकानं गर्दीने कोलमडली आणि एकट्या स्टीमवर पाच लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी हा गेम खेळत होती. कित्येक छोट्या स्टुडिओंनी त्या गर्दीत चिरडलं जाऊ नये म्हणून आपापल्या तारखा पुढे ढकलल्या होत्या. एकाचा उशीर कधी कधी दुसऱ्याच्या गेममुळे होतो, हेही त्यातून दिसलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये 'जीटीए'च्या सहाव्या भागाच्या सुमारे ९० चित्रफिती चोरीला जाऊन बाहेर फुटल्या, तेव्हा एका वेगळ्याच गैरसमजाचं पीक आलं. त्या फिती कच्च्या होत्या, पडद्यावर तपासणीचे आकडे दिसत होते, माणसांचे चेहरे अपुरे होते. 'हे असं दिसणार?' म्हणून लोक नाराज झाले. गेममध्ये ग्राफिक्स सर्वांत आधी पूर्ण होतं, असंही एकाने समाजमाध्यमावर छातीठोकपणे लिहिलं. त्यावर जगभरच्या गेम बनवणाऱ्यांनी आपापली जुनी, कच्ची दृश्यंच लोकांसमोर ठेवली. 'कंट्रोल' या गेमला त्याच्या दृश्यरचनेसाठी पुरस्कार मिळाले आहेत. त्याच्या सुरुवातीच्या चित्रणात साध्या ठोकळ्यांच्या जगात गोळीबार चालला आहे. 'अनचार्टेड ४'च्या गाडीच्या पाठलागाचंही तसंच.

काम असंच चालतं. आधी रंग नसलेल्या ठोकळ्यांची जागा बांधतात. उडी या छपरावरून त्या छपरावर पोचते का, लपायला आडोसा पुरतो का, शत्रू फार जवळ येतो का, हे खेळून पाहतात. न जमल्यास ठोकळे हलवतात, पुन्हा खेळतात. भिंत कुठे उभी राहणार हेच ठरलेलं नसताना रंगारी बोलावून उपयोग नसतो. प्रकाश, पोत, केसांची हालचाल यांवर खरा हात फिरतो तो बराच नंतर. म्हणून फुटलेल्या चित्रणावरून गेमचा दर्जा ठरवणं हा त्यावर राबणाऱ्या माणसांवर अन्याय आहे. आणि अशी चोरी म्हणजे चाहत्यांना मिळालेली भेट नव्हे. वर्षानुवर्षांचं अपुरं काम परवानगीशिवाय उघडं पडतं, तेव्हा ते करणारी माणसं खचतात.

याच्या नेमकी उलट चूक ट्रेलरच्या बाबतीत होते. ट्रेलरमध्ये दिसतो तोच गेम, असं लोक धरून चालतात. २००५ मध्ये 'किलझोन २'ची झलक दाखवली गेली ती खेळाचं चित्रण नव्हतंच, आधी तयार केलेला अ‍ॅनिमेशनपट होता. 'वॉच डॉग्ज' २०१२ च्या एका गेम प्रदर्शनात दिसला तसा २०१४ मध्ये हातात आला नाही, ओल्या रस्त्यांवरची ती झळाळी पार उतरली होती. २०१७ मध्ये 'अँथम'चं भव्य प्रात्यक्षिक झालं, पण त्यातला बराच भाग केवळ दाखवण्यापुरता रचला होता, असं त्यावर काम केलेल्यांनी पुढे पत्रकारांना सांगितलं. तो गेम २०१९ मध्ये आला आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याचे सर्व्हर कायमचे बंद झाले.

सगळेच ट्रेलर फसवे असतात असं मात्र नाही. 'जीटीए'चा दुसरा ट्रेलर प्लेस्टेशन ५ वर चित्रित केला असून त्यात प्रत्यक्ष खेळ आणि कथेची दृश्यं निम्मी निम्मी आहेत, असं रॉकस्टारने स्पष्ट केलं. अशी ओळ दिली आहे का, हे पाहण्याची सवय खेळाडूंनी लावून घ्यावी. काही झलकांमागे तर अजून गेमच नसतो. जून २०१८ मध्ये 'एल्डर स्क्रोल्स ६'ची अर्ध्या मिनिटाची झलक आली: डोंगर, किनारा आणि नाव. बेथेस्डा तेव्हा 'स्टारफील्ड'मध्ये गुंतलेली होती, सहाव्या भागाच्या प्रत्यक्ष निर्मितीला सुरुवात झाल्याची बातमी यायला २०२३ उजाडलं. याच कंपनीने 'फॉलआउट ४' मात्र जून २०१५ मध्ये जाहीर करून नोव्हेंबरमध्ये विकायला ठेवला होता. ही दुसरी पद्धत खेळाडूसाठी कितीतरी बरी. गेम हाताशी आल्यावरच त्याचा गाजावाजा करावा.

'गोल्ड' या शब्दानेही अनेकांची फसगत होते. गेम गोल्ड झाला म्हणजे संपूर्ण तयार झाला, आता पुढे जाणार नाही, असं मानलं जातं. प्रत्यक्षात गोल्ड म्हणजे डिस्क छापायला पाठवण्याजोगी प्रत तयार झाली, इतकंच. 'सायबरपंक २०७७' ऑक्टोबर २०२०च्या सुरुवातीला गोल्ड झाला आणि त्याच महिन्याच्या शेवटी १० डिसेंबरपर्यंत पुढे ढकलला गेला. डिस्क छापत असतानाही पहिल्या दिवशीच्या पॅचचं, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटचं, काम चालूच असतं. तो गेम जुन्या कन्सोलवर इतका अडखळला, की सोनीने आठवड्याभरात त्याला आपल्या दुकानातून उतरवलं आणि जून २०२१ मध्ये परत घेतलं. आगाऊ नोंदणी ८० लाखांची होती. नोंदणीचा आकडा लोकांची आशा सांगतो, गेमचा दर्जा सांगत नाही.

आपल्याकडच्या खेळाडूंसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 'जीटीए'ची जाहीर झालेली तारीख फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स व एस यांच्यासाठी आहे. पीसीवाल्यांनी जुना अनुभव आठवावा: पाचवा भाग पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये आला, 'रेड डेड २' नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे कन्सोलच्या वर्षभर किंवा त्याहूनही मागून.

पुण्याशी थेट नातं असलेली कहाणी 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीची. २००३ चा हा गेम अनेक मराठी मुलांनी सायबर कॅफेत खेळलेला. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने त्याची नवी आवृत्ती जाहीर केली, आणि एवढ्या मोठ्या नावाची धुरा दिली पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे. झलकेतल्या चित्रांवर टीका झाली. २१ जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला हलवण्यात आलं. तेव्हा 'भारतीय टीमला जमलं नाही' हा निष्कर्ष काढून बरेच जण मोकळे झाले. पण मूळ गेम ज्या मॉन्ट्रियलमध्ये घडला, तिथे जवळपास चार वर्षं काम होऊनही जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो रद्दच केला. अडचण एका शहराच्या कुवतीची असती, तर शहर बदलल्यावर ती सुटायला हवी होती.

पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' बनवला. लोकवर्गणीची मोहीम अपयशी ठरूनही त्यांनी तो २०२० मध्ये जगापुढे आणला. सुपरगेमिंग हाही पुण्याचाच स्टुडिओ. त्यांच्या 'इंडस'साठी एक कोटीहून जास्त पूर्वनोंदण्या झाल्या आणि तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. मोबाइलवरची पूर्वनोंदणी फुकट असते, त्यामुळे असे आकडे आणि विकत घेतलेल्या प्रती यांची तुलना करता येत नाही. 'फौजी' या मोबाइल गेमचं उदाहरणही बोलकं आहे. भारतात पब्जीवर बंदी आल्यानंतर दोन दिवसांत तो जाहीर झाला आणि लोकांनी त्याला पब्जीचा पर्याय मानलं. २६ जानेवारी २०२१ ला हाती आली ती गलवानवरची एकट्याने खेळायची मोहीम. पब्जीसारखं बॅटल रॉयल, म्हणजे शेवटचा एक उरेपर्यंतची झुंज, त्यात नव्हतंच. नाराजी मोठी होती, पण तिचं मूळ बरंचसं लोकांनीच बांधलेल्या अटकळीत होतं.

राहता राहिली प्री-ऑर्डर. 'आधी नोंदवला नाही तर मिळणार नाही' ही भीती डिस्कच्या मर्यादित पेट्यांच्या काळातली आहे, डाउनलोडने मिळणारा गेम कधी संपत नाही. आगाऊ पैसे देणाऱ्याला एखादा पोशाख किंवा बंदूक जास्त मिळते, त्यापलीकडे फारसं काही नाही. 'प्रिन्स'ची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना २०२२ मध्ये पैसे परत घेण्याची सोय द्यावी लागली. स्टीमवर आगाऊ घेतलेल्या गेमचे पैसे तो येण्याआधी कधीही परत मागता येतात. आल्यानंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास परतावा मिळतो. म्हणून मोठा गेम घेतल्यावर पहिल्या दोन तासांत पात्राचे केस आणि कपडे निवडत बसण्यापेक्षा तो आपल्या यंत्रावर नीट चालतो का, हे आधी पाहावं.