चंद्रकोरीमागचं स्टूल

हॉलच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडात मढवलेली पुरुषभर उंचीची चंद्रकोर उभी असते. हिरवी साडी नेसलेली, फुलांची वाडी ल्यायलेली गर्भवती तिच्या कमानीत विसावलेली दिसते. वर चांदण्या लटकत असतात. फोटोत ती थेट चंद्रावर बसलेली असते. खरं म्हणजे ती बसलेली असते मागच्या भक्कम लाकडी स्टुलावर. चंद्रकोरीची खालची कड तिच्या मांडीच्या उंचीला येते आणि साडीचा घोळ त्या कडेवरून पुढे सोडला, की स्टूल पार झाकून जातं.

‘थीम पार्टी’ हा शब्द नवा असेल, पण मराठी घरात थीम फार जुनी आहे. डोहाळेजेवण नुसतं होत नाही, ते चांदण्यातलं असतं, बागेतलं असतं, झोपाळ्यावरचं किंवा नावेतलं असतं. एवढा एक शब्द ठरला की आरास कशी करायची, कुठली फुलं आणायची, कुणी काय नेसायचं हे घरातल्या बायका भराभर ठरवून टाकतात. चैत्रगौरीचंही तसंच. झोपाळ्यात गौर, पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, मध्ये कलिंगडाचं कोरलेलं कमळ आणि दारापुढे चैत्रांगण. पाहुण्याच्या हातात आंब्याची डाळ आणि पन्हं येण्याआधीच डोळ्यांना उन्हाळा भेटतो.

या सगळ्या आराशींत मधोमध एकच वस्तू असते: झोपाळा, होडी नाहीतर चंद्र. बाकीचं सगळं तिच्यासाठी. आजच्या सजावटीत नेमकं इथेच गणित बिघडतं. फुग्यांची कमान, मागे चमचमती झालर, शेजारी अक्षरांचे फुगे, पुढे टेडी. यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही, पण सगळ्या एकदम बोलू लागल्या, की जिच्यासाठी समारंभ मांडला तीच हरवते.

होडी करणं चंद्राहून सोपं. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा उघडून होडीची फक्त पुढची बाजू कापायची आणि मागे खुर्ची ठेवायची. लाटांसाठी निळी साडी जमिनीवर चुण्या घालून पसरली की झालं. चंद्राला मात्र गोलाई लागते आणि ती बांबूच्या कामट्यांनी छान येते. दिवाळीत घरी आकाशकंदील बांधणाऱ्याला हे काम शिकवावं लागत नाही. कामटी थोडा वेळ पाण्यात भिजवली की न मोडता वाकते. भार पेलण्याचं काम मात्र कामटीवर किंवा पुठ्ठ्यावर कधीच सोपवायचं नाही. ते स्टुलाचं आणि खुर्चीचं. झोपाळ्यावरचं डोहाळेजेवण असेल, तर छतातला हूक आधी नीट तपासावा, कड्या घट्ट कराव्यात आणि झोका नावापुरताच द्यावा.

मागच्या पडद्यासाठी विकतचं कापड आणायची गरज नसते. साडेपाच मीटरची साडी मधोमध दुमडून दोरीवर टाकली, की साधारण नऊ फूट उंचीचा दुहेरी पडदा मिळतो. रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. दहा फुटांच्या भिंतीला तीन साड्या पुरतात. आजीची इरकली किंवा आईची नारायणपेठ मागे असेल, तर पाहुण्यांच्या गप्पा तिथूनच सुरू होतात.

थर्मोकोलची सवय मोडली हे उत्तमच झालं. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८मध्ये प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवरही बंदी आणली. त्याच वर्षी जुलैमध्ये गणपतीच्या मखरांपुरती सवलत द्यायलाही मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर पुठ्ठ्याची, कागदाची, कापडाची मखरं जोमाने पुढे आली. घडी घालून ठेवता येणारं पुठ्ठ्याचं मखर पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहतं, हे घरच्या समारंभालाही लागू पडतं.

रंगांच्या बाबतीत बोरन्हाणाकडून शिकण्यासारखं बरंच आहे. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान लहान मुलाला काळं झबलं घालून त्यावर हलव्याचे दागिने चढवतात. काळ्यावर पांढरा, बस, दोनच रंग. हलवा करताना परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेतात, खाली अगदी मंद आच ठेवतात आणि चमच्याचमच्याने पाक सोडत बोटांनी दाणे हलवत राहतात. घाई केली की गोळा होतो, सबुरी ठेवली तर दाण्यावर बारीक काटा फुलतो. हा काटा उजेड पकडतो, म्हणून साखरेचा मुकुट फोटोत मोत्यांसारखा चमकतो. सजावटीवर हजारो रुपये खर्चूनही न साधणारा परिणाम इथे काळं कापड आणि साखर साधून जातात.

उजेड पिवळसर असावा आणि समोरून, थोडा तिरका पडावा. पाठीमागे दिव्यांच्या माळांचा झगमगाट असला आणि समोर अंधार, तर फोटोत चेहरा काळवंडतो.

आणि फुलं. दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गेलं, तर त्या त्या ऋतूचं फूल ताजं मिळतं. झेंडू दोन दिवस टिकतो, शेवंतीही दम धरते. गुलाबाच्या पाकळ्या पंख्याखाली दोन तासांत मलूल होतात, त्या शेवटच्या घटकेला पसराव्यात. उन्हाळ्यातल्या डोहाळेजेवणासाठी मोगऱ्याच्या कळ्या आणाव्यात. दुपारी गजरे आणि वाडी गुंफून ओल्या फडक्यात झाकून ठेवायची. संध्याकाळी गर्भवती चंद्रकोरीत येऊन बसते तेव्हा कळ्या मिटलेल्या असतात. एकेक सवाष्ण ओटी भरून जाते, डोहाळे म्हटले जातात, आणि शेवटची पंगत बसेपर्यंत तिच्या केसांतला मोगरा उमलून सगळ्या हॉलभर दरवळत असतो.